गणपतीच्या आधी पायवाटेचं गवत काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत कोकणावर पानंच्या पानं येतात. समुद्रकिनारे, किल्ले, धबधबे, राहण्या-जेवणाची सोय. मी ते सगळं वाचते. पण गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून गावी आलेल्या घरात एक पाच वर्षांचं पोर असतं, एक तान्हं असतं आणि गुडघे धरलेली एक आजी असते. या सगळ्यांनी मिळून घराच्या दारातून निघावं आणि तासा-सव्वा तासात फिरून घरी यावं, अशी वाट कुठली, ते त्या पुरवणीत मला कधी सापडलं नाही. अशी वाट आमच्या गावात आहे. कोकणातल्या बहुतेक गावांत असते. यंदा ती गणपतीच्या आधी मोकळी व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी संगमेश्वर तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. लसीचा डबा खांद्याला लावायचा आणि वाडीवाडीवर जायचं; गरोदर बायांची तपासणी, बाळांची वजनं, तापाच्या गोळ्या. देवरुखहून येणारी एसटी जिथे थांबायची तिथून पुढे सगळं पायी. डबा गार राहायला हवा, म्हणून ऊन चढायच्या आत पोचायचं आणि त्यासाठी सावलीची वाट धरायची. सावलीची वाट म्हणजे देवरहाटीतून, देवाच्या नावाने राखलेल्या देवराईतून जाणारी. आज मी ज्या फेरीबद्दल लिहिते आहे तिचे सगळे तुकडे मला त्या कामामुळे ठाऊक झाले.

ही फेरी अडीच किलोमीटरच्या आसपास भरते. सुरुवात ग्रामदेवतेच्या देवळासमोरच्या सहाणेपासून. शिमग्यात पालखी जिथे बसते ती ही सहाण. देवळाच्या डाव्या अंगाने वाट देवरहाटीत शिरते आणि दहा पावलांत हवा बदलते. बाहेर कितीही उकडत असलं तरी आत गारवा. किंजळ, ऐन, बेहडा, जांभूळ, जुने रायवळ आंबे, आणि या सगळ्यांना विळखे घालून चढलेली गारंबी. गारंबीची वेल माणसाच्या मांडीइतकी जाड होते, तिच्या शेंगा दोन-दोन हात लांब असतात आणि आतल्या तपकिरी चकचकीत बिया हातात आल्या की शहरातलं पोर त्या सोडत नाही. पण आमच्याकडे रहाटीतलं काही घरी न्यायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही, असा दंडक आहे. बी बघायची, हातात खेळवायची आणि तिथेच ठेवायची. मुलं हे ऐकतात. कारण सांगितलं की नीट ऐकतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून जगापुढे मांडला, तो याच दंडकाच्या बळावर टिकलेल्या झाडांचा होता. रहाटीच्या बाहेरचा डोंगर माझ्या डोळ्यांदेखत तोडून त्यावर काजू लावला गेला. रहाटी तेवढी उभी आहे.

मे महिन्यात तिथे ककणेर दिसतो. मोठ्या चोचीचा, काळा-पांढरा, उडताना पंखांचा भसाभसा आवाज करणारा पक्षी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, विष्ठेने आणि मातीने तोंड लिंपून चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवत राहतो. वडा-उंबराची फळं चोचीत धरून तो पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे येतो. आपण लांब, एका जागी, न बोलता उभं राहायचं. माझ्या नातवाने डोंबिवलीला परत गेल्यावर शाळेत बाईंना हे सांगितलं आणि बाईंनी त्याला वर्गापुढे उभं करून पुन्हा सांगायला लावलं. दिवाळीच्या सुमारास आलात तर संध्याकाळी सातवीण फुललेली असते आणि वास पार सहाणेपर्यंत येतो.

रहाटी संपली की जांभ्या दगडाची पाखाडी खाली उतरते. या पायऱ्या बसक्या आहेत, डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्या माणसाच्या मापाने बांधलेल्या, त्यामुळे मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्या सोप्या जातात. खाली पऱ्या, म्हणजे ओढा, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. गणपतीत पऱ्याला पाणी भरपूर असतं. तेव्हा पोरांनी साकवावरूनच बघावं, पाण्यात उतरू नये. मे महिन्यात तो कोरडा असतो आणि दगडांवर बसून डबा खाता येतो.

साकवापलीकडे मळे. इथे वाट बांधावरून जाते, एकामागून एक चालावं लागतं. गणपतीच्या दिवसांत हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात निसवलेलं असतं, लोंब्या बाहेर आलेल्या असतात. लोंबीतला एक दाणा नखाने दाबून दाखवला की पांढरं दूध बाहेर येतं आणि मग तांदूळ कुठून येतो ते वेगळं सांगावं लागत नाही. शेजारच्या खाचरात रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या संशोधन केंद्राचं बियाणं असतं, ते बुटकं आणि दाट; त्याच्या पलीकडे कुणा म्हाताऱ्याने हौसेने राखलेलं जुनं उंच भात असतं. दोन्हींतला फरक मुलांना लगेच दिसतो. बांधावरच्या बिळातून मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, डोकावतात. ओलीवर तेरडा फुललेला असतो. गौरीसाठी बायका तेरडा आणतात तो इथूनच, आणि गौर आणायला पाणवठ्यावर जातात तीही याच वाटेने.

मळे ओलांडले की वाट हळूहळू पलीकडच्या वाडीत चढते. तिथे विहीर आहे, आंब्याखाली बसायला पार आहे. आजींनी इथे टेकावं. इथून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनीच्या कडेने, नाचणीच्या शेताला लागून, पुढे दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधल्या पाणंदीतून सहाणेशी परत. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांना साकवापासूनच घराकडे चढणारी जवळची वाट आहे. म्हणजे घरातलं कुणीही मागे राहत नाही. ज्याला जितकं झेपेल तितकं.

वाट गोल आहे याचं मोल लहान मुलांना घेऊन चाललेल्या माणसाला कळेल. त्याच रस्त्याने परत आणलं की पोरं कुरकुरतात, उचलून घ्या म्हणतात. इथे प्रत्येक वळणावर पुढचं काही तरी नवीन असतं, आणि तसं चालता चालता घर येतं. पाच वर्षांचं निरोगी मूल थांबत-थांबत अडीच किलोमीटर आरामात चालतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगते आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. गावी आलेली मुलं गणपतीचे पाच दिवस माजघरात मोबाईल घेऊन बसलेली मी बघते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दारातून बाहेर पाऊल टाकलं तर समोर काँक्रीटचा रस्ता, त्यावर भरधाव मोटरसायकली आणि चाकरमान्यांच्या गाड्या. आई-बाप पोराला एकटं सोडणार कसे?

ही वाट बंद कशी पडत चालली, तेही सांगते. घरात नळ आला, गॅस आला. बाईच्या डोक्यावरचा हंडा आणि लाकडाचा भारा उतरला. याचा मला मनापासून आनंद आहे. सातव्या महिन्यात पाखाडी चढताना रक्तस्राव झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. गुरं कमी झाली, गुराखी गेला. वाडीतली पोरं गाडीने शाळेत जाऊ लागली. डुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत म्हणून खालची खाचरं पडीक पडली. असे एकेक पाय वाटेवरून कमी झाले. वाट माणसाच्या पायांनी जिवंत राहते; दोन पावसाळे कुणी चाललं नाही की कमरेएवढं गवत, तिसऱ्या पावसाळ्यात करवंदीची जाळी, आणि मग वाट होती हे सांगणारी माणसंच उरत नाहीत.

भरीला दोन गोष्टी घडल्या. वरच्या रस्त्याचं काम करणाऱ्यांनी खोदलेली माती पाखाडीच्या तोंडावर ढकलून दिली. वरच्या काही पायऱ्या त्याखाली गेल्या आणि अजून तशाच आहेत. आणि पाणंदीच्या मधोमध एका बागेचं तारेचं कुंपण आलं. बागवाले सज्जन आहेत, गुरं आत शिरू नयेत म्हणून त्यांनी तार घातली. त्यांना कुणी जाऊन, बसून सांगितलंच नाही की इथून वाट आहे.

एक भाग मात्र लख्ख आहे. देवळापासून पलीकडच्या वाडीपर्यंत जिथून शिमग्यात पालखी जाते, तेवढी वाट दर फाल्गुनात साफ होते. कुणाला सांगावं लागत नाही, पैसे मागावे लागत नाहीत. घरटी एक माणूस कोयता घेऊन येतो. पालखी ज्यांच्या खाचरातून जाते ते मालक कधी हरकत घेत नाहीत, उलट वाटेत नारळ घेऊन उभे असतात. मला त्यातूनच सुचलं. शिमग्याला जशी पालखीची वाट साफ होते तशी गणपतीच्या आधी ही बाकीची फेरी साफ व्हावी, आणि भात कापून झालं की पुन्हा एकदा. वर्षातून एवढं केलं तरी वाट बुजणार नाही.

कायद्याचंही थोडं लिहिते, कारण गावात यावरून फार गैरसमज आहेत. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेले असतात. नकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. शेतात जायची वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि बांधावरून शेतात जायला नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे. पण ही कलमं शेतकऱ्याला शेतात जाता यावं म्हणून आहेत. नातवंडांना घेऊन फिरायला निघालेल्या माणसाने ती दाखवून कुणाच्या बांधावर हक्क सांगू नये. तिथे मालकाच्या ओटीवर जाऊन विचारावं. तारेच्या कुंपणाला माणूस जाईल आणि गुरं जाणार नाहीत असं वळणाचं बेडं, म्हणजे फाटक, बसवता येतं, बांबूचं, गावातलाच माणूस अर्ध्या दिवसात करतो. त्याचा खर्च बागवाल्यांवर पडू नये, वाडीने करावा.

आता भीतीबद्दल, कारण नातवंडांना घेऊन जा म्हटलं की पहिला प्रश्न सापाचा येतो. तो योग्यच आहे. आमच्या जिल्ह्यात फुरसं आहे, तेही कातळावर आणि पाचोळ्यात सहज न दिसणारं. म्हणून तर गवत काढा म्हणते. चार-पाच फूट रुंद वाट स्वच्छ असली की पुढे काय आहे ते दिसतं. पायात बूट हवेत, फक्त रहाटीत देवळाजवळ काढायचे तेवढे काढावे. अंधार पडायच्या आत परत यावं. पोरांनी गडग्याचे दगड उचलू नयेत, खाली विंचू असतो; उन्हाळ्याच्या शेवटी तर नक्कीच. विंचूदंशाने कोकणात किती लेकरं जायची, ते माझ्या पिढीतल्या नर्सना माहीत आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून चित्र बदललं. तरीही दंश झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. साप चावला तर पट्टी आवळून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता, माणसाला चालू न देता दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकच औषध चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगते. रहाटीच्या कडेला काजऱ्याचं झाड आहे, त्याची नारिंगी गोल फळं संत्र्यासारखी मोह पाडणारी असतात आणि आतली बी जहरी असते. मुलांना ते झाड पहिल्यांदा दाखवावं, बाकीची झाडं मग. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाटेवर लोंबतात, त्या साफसफाईत काढाव्यात. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात खाचराच्या चिखलात पाय घालू नये, लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, साथी आम्ही पाहिल्या आहेत. एवढं पाळलं तर ही वाट त्या काँक्रीटच्या रस्त्यापेक्षा लहान मुलांना नक्कीच सुरक्षित आहे, हे मी आयुष्यभर केलेल्या कामाच्या आधारावर सांगते.

काय करू नये, हेही आत्ताच लिहून ठेवते. वाटेवर पेव्हर ब्लॉक नकोत. आमच्या पावसात त्यांवर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरून खुब्याचं हाड मोडून घेतात. जांभा खडबडीत असतो, तो पायाला धरून ठेवतो. रहाटीत दिवे नकोत, तिथे रात्री माणसांचं काम नाही. कमानी नकोत, फोटो काढायचे कठडे नकोत, टपऱ्या नकोत. 'विकास' म्हणून पैसा आलाच तर तो साकवाच्या कठड्याला लावा, कारण त्याचा एका बाजूचा बांबू कुजला आहे आणि लहान मूल तिथून खाली जाऊ शकतं. पाखाडीवरची माती काढा आणि निखळलेले चिरे पुन्हा बसवा. फाटा फुटतो तिथे चिऱ्यावर चुन्याने बाण काढा. चुना पुरतो, धुऊन गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा काढता येतो, आणि तो काढायला वाडीतल्या पोरांना फार आवडेल.

रहाटीबद्दल गुरव मंडळींना आणि मानकऱ्यांना आधी विचारायला हवं. मी विचारलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की देवळामागची जुनी राई सोडून वाट जाऊ दे आणि कुणी आरडाओरडा करू नये. वाट तशीही त्या राईला वळसा घालूनच जाते, आमच्या आधीच्या लोकांनी ती विचार करूनच पाडली होती. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी एक रविवार द्यायचं कबूल केलं आहे. पुरुष मंडळींपैकी काहींनी लावणी आटोपल्यावर बघू असं सांगितलं. आता लावणी आटोपली.

१५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा होईल. त्यात गटारं, दिवे, घरकुलं हे विषय असतात, ते असायलाच हवेत. त्यांच्या शेवटी एक विषय घ्यावा: गावाला फेरी घालणारी पायवाट कुठली, ती कुठे अडली आहे, गवत कोण काढणार आणि कधी. यासाठी मंजुरी, निविदा, आराखडा यातलं काही लागत नाही. विषयपत्रिका आधी निघते, म्हणून हे पत्र त्यापूर्वी छापलं तर सरपंचांच्या आणि ग्रामसेवकांच्या हातात वेळेवर पडेल. मुंबई, ठाणे, वसईच्या ग्रामस्थ मंडळांनीही ते वाचावं. गणपतीला येताना दोन दिवस आधी येणारे तरुण असतील तर त्यांच्यासाठी कोयते धार लावून ठेवले आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी